आधी लॉग उघड, मग मेल कर

अगं, प्रोसेस मायनिंगमध्ये (म्हणजे कॉम्प्युटरमधल्या नोंदींवरून काम खरंच कसं चालतं ते शोधण्यात) पीएचडी करायची म्हणतेस, आणि त्यातला मोठा माणूस विल फान डर आल्स्ट याचा सीव्ही बघून धडकी भरली म्हणतेस, भरणारच, पण तू तो वरून वाचलास, खालून वाच. 2018 ला हुम्बोल्ट प्रोफेसरशिप हा मोठा जर्मन सन्मान घेऊन जर्मनीत आखेनला गेला, पुढे सेलोनिस या प्रोसेस मायनिंगच्या कंपनीचा चीफ सायंटिस्ट झाला, हे सगळं राहू दे बाजूला. 1992 ला नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला पीएचडी झाली तेव्हा हा गडी पेट्री नेट घेऊन बसला होता, म्हणजे काम कसं पुढे सरकतं ते दाखवणारे गोल, चौकोन आणि बाण, एका जर्मन माणसाच्या 1962 च्या थिसिसमधली आयडिया. नव्वदीत वर्कफ्लो सॉफ्टवेअर, म्हणजे ऑफिसातलं काम एकाकडून दुसऱ्याकडे पाठवणारं, आलं तेव्हा यानं तीच चित्रं तिथे लावली आणि विचारलं, काम मध्येच कुठे अडकून तर नाही ना पडणार? असं न अडकता नीट शेवटपर्यंत जाण्यालाच साउंडनेस म्हणतात.

पण मॅनेजरनं काढलेलं चित्र एक आणि लोक काम करतात ते भलतंच, म्हणून मग त्यानं मॅनेजरला विचारणं सोडून सिस्टीमलाच विचारलं, म्हणजे तिच्यात आपोआप होणाऱ्या नोंदींना, त्यालाच लॉग म्हणतात. कुठली केस, काय केलं, किती वाजता, बस एवढे तीन कॉलम, आणि कशानंतर काय येतं ते बघत बघत चित्र आपोआप तयार. हाच 2004 च्या पेपरमधला अल्फा अल्गोरिदम. खरं सांगू, खऱ्या डेटावर तो फार टिकत नाही, नोंदींत थोडी घाण आली की गडबडतो, तेच काम लगेच परत झालं की, म्हणजे छोट्या लूपमध्ये, फसतो, पण मला तोच सगळ्यात आवडतो, कारण इतका सोपा होता की लोकांना लगेच त्याच्या चुका दिसल्या आणि दुरुस्त कराव्याशा वाटल्या. त्यातूनच पुढे लॉगवरून चित्र काढायच्या नव्या पद्धती आल्या, 2013 चा इंडक्टिव्ह मायनर आइंडहोवनच्याच एका पीएचडीवाल्याचा, त्यात विल स्वतः को-ऑथर. शिवाय प्रोम हे लॉगवरून चित्र काढणारं टूल फुकट वाटलं, त्यामुळे बाहेरच्यांनी प्लगइन लिहिले.

तुझ्या पीएचडीचं म्हणशील तर नेदरलँड्समध्ये ती बहुतेक वेळा नोकरीच असते, चार वर्षांची, पगारी, जाहिरात बघून अर्ज करायचा. पण हा विषय ज्यात मोडतो ते इन्फर्मेशन सिस्टीम्स कुठे मॅनेजमेंटकडे असतं तर कुठे कॉम्प्युटर सायन्सकडे (विल स्वतः दोन्हीकडे राहिलाय), तेव्हा थिसिस कोण तपासणार ते इंटरव्ह्यूतच विचार, लाजू नकोस.

मी माझं पहिलं अख्खं वर्ष गणिती प्रूफ लिहिण्यात घालवलं, एकही खरा लॉग न उघडता, आणि मला कोणी टोकलंही नाही. तू तसं करू नकोस. 2012 च्या बीपीआय चॅलेंजचा, म्हणजे खऱ्या लॉगवरच्या स्पर्धेचा, लॉग फुकट मिळतो, एका डच फायनान्स संस्थेतले लोनचे अर्ज, 13,087 केसेस, 2,62,200 इव्हेंट्स. प्रोममध्ये टाक, शेवयांच्या गुंत्यासारखं काहीतरी दिसेल, घाबरू नकोस, त्यातला एकच अर्ज धरून शेवटपर्यंत जा आणि तो कुठे रखडला ते मला रविवारी फोनवर सांग. प्रोफेसरला मेल त्यानंतर.

तुझा दादा