गणपतीला गावी जाण्याचा ताण : आधी रजेचे बघा

नमस्कार ताई. ठाण्यात नोकरी, कणकवलीजवळ सासरचे घर, घरच्या गणपतीची पाळी यंदा तुमच्या यजमानांकडे, आणि आषाढ लागल्यापासून झोप उडालेली, पित्त वाढलेले, त्यात "सण नकोसा वाटतो आणि तसे वाटल्याची लाजही वाटते" हे तुमचे वाक्य वाचले आणि राहवले नाही. मीही अनेक वर्षे नेमकी अशीच काढली आहेत. तिकिटे, बाजाराची यादी, मूर्तिशाळेत मूर्तीसाठी पाट देणे यांविषयी काही सांगत नाही. ते तुम्हाला माझ्याइतकेच ठाऊक असणार.

प्राणायाम करा, मन शांत ठेवा, असे सगळे सांगतात आणि त्याने आणखी चिडचिड होते, असे तुम्ही लिहिले आहे. प्राणायामाला माझा विरोध नाही, पण त्याने रजा मंजूर होत नाही. माझे मत असे की आपल्याला कामाचा ताण फारसा येत नसतो. पंचवीस पाने वाढणाऱ्या बाईला मोदकांची धास्ती कसली? झोप उडते ती न ठरलेल्या गोष्टींमुळे. जायला मिळेल का, कोण कधी येणार, खर्च कोण करणार, भजन किती वाजता, या साऱ्यांचे उत्तर "बघू" असे असते आणि तो "बघू" दोन महिने आपण एकट्या डोक्यात वागवत असतो. या सगळ्याच्या मुळाशी रजा आहे, कारण बाकीच्या तारखा तिच्यावर टांगलेल्या असतात.

मला सर्वांत महाग पडले ते माझे तेव्हाचे कार्यालय. नाव घेत नाही. चतुर्थी सप्टेंबरच्या मध्यावर गेलेले ते वर्ष होते, म्हणजे तिमाहीअखेरीची धावपळ तोंडावर आलेली. साहेबांनी जूनमध्येच "जा तुम्ही, मी आहे ना" म्हणून तोंडी होकार दिला होता. संगणकावरचा अर्ज मात्र "प्रलंबित" दाखवत राहिला. एचआरला विचारले तर साहेबांना विचारा, साहेबांना विचारले तर ते एचआरचे काम, असे टोलवाटोलवीचे उत्तर प्रत्येक वेळी मिळत गेले. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी, पिशव्या दाराशी भरून ठेवलेल्या असताना, मेल आला की विभागातील आणखी दोघे सुटीवर असल्याने माझी रजा मंजूर करता येत नाही. मी गेले; देवाला पाट दिलेला, घरात पाळी आमची, दुसरा मार्गच नव्हता. त्यानंतर तो काळ बिनपगारी धरला गेला, स्पष्टीकरण मागणारे पत्र आले आणि दिवाळीपर्यंत त्याची उत्तरे लिहीत बसावे लागले. आरतीला उभी असतानाही माझे लक्ष फोनकडे होते. त्या पगारकपातीपेक्षा मला आजही बोचते ते हे की "नाही" हाच निर्णय त्यांना जूनमध्ये देता आला असता, म्हणजे मी जावांशी बोलून पाळीची अदलाबदल तरी केली असती. कर्मचाऱ्याला लटकत ठेवणे ही सोय कोणाची असते, हे मला अजून कळलेले नाही.

म्हणून माझा आग्रह असा, की रजेचा अर्ज लेखी द्यावा, त्याच दिवशी मेलनेही कळवावे, आणि तोंडी होकार मिळाला तर "आज झालेल्या बोलण्याप्रमाणे अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत मी रजेवर असेन" असे दोन ओळींचे पत्र साहेबांना पाठवून ठेवावे. प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे असतात, तेव्हा मी सांगते ते शब्दशः घेऊ नका. तारखा मात्र पंचांगावरूनच लिहा. गौरीबरोबर जाणारा गणपती सरसकट "पाच दिवसांचा" म्हटला जातो, पण गौरी अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर त्यांचे पूजन होते आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन, त्यामुळे दिवस दरवर्षी तेवढेच भरत नाहीत. २०२४ मध्ये चतुर्थी ७ सप्टेंबरला आणि गौरी विसर्जन १२ सप्टेंबरला होते, म्हणजे सहावा दिवस; २०२५ मध्ये २७ ऑगस्ट आणि २ सप्टेंबर, म्हणजे सातवा. पाच दिवस धरून रजा मागितलेल्या माणसाची त्या दोन्ही वर्षी पंचाईत झाली असणार. रेल्वेचे आरक्षण आता साठ दिवस आधी उघडते, पूर्वीसारखे एकशे वीस नाही. हा बदल नोव्हेंबर २०२४ पासूनचा आहे. रजेचे उत्तर आरक्षण उघडण्याच्या आत मागा.

पाळीबद्दल थोडे कडक लिहिते, राग मानू नये. पाळी म्हणजे त्या वर्षी पुढाकार आपला, एवढाच तिचा अर्थ. बाकीच्या भावांनी पाहुण्यासारखे यावे असा नव्हे. खर्चाचे आणि कामाचे बोलणे तुमच्या यजमानांनी आपल्या भावांशी करावे, तुम्ही जावांशी नाही. जावाजावांमध्ये ते बोलणे झाले की नारळ किती आणि तेलाचे डबे किती यावरून वर्षभर पुरेल एवढे मनात राहते. आमच्याकडे श्रावणातच एका वहीत रकमा लिहून सासूबाईंना वाचून दाखवल्या जातात आणि तेव्हापासून चतुर्थीला पैशांचा विषय निघालेला नाही.

रात्रीच्या भजनाचेही असेच आहे. काळ्या वाटाण्याच्या उसळीची तयारी वाटाणे भिजत घालण्यापासून झालेली असते, पण एक भजनी मेळ नऊला येतो, दुसरा साडेअकराला, आणि मधल्या वेळेत चूल धगधगती ठेवून बायका ओसरीकडे कान लावून बसतात. भजनाच्या बुवांना सकाळीच फोन करून वेळ विचारण्यात कसलाही कमीपणा नाही. उसळ करून ठेवावी आणि गरम करणे, पाव वाढणे, चहा देणे हे घरातील पुरुषांवर सोपवून आपण झोपावे. पहिल्या वर्षी कुजबुज होईल, ती होऊ द्यावी.

झोपेवरून एक लक्षात आणून देते. बहुतेक वर्षी हरतालिका चतुर्थीच्या आदल्या दिवशी येते. त्याच्या आगेमागे रात्रीचा प्रवास, पावसाळी वेळापत्रकामुळे आधीच संथ चालणारी गाडी, मग निर्जळी उपास, आणि चतुर्थीला नैवेद्य होईपर्यंत केवळ चहा. पित्त उसळते आणि कपाळ ठणकते ते या हिशेबाने, आणि आपण त्याला "टेन्शन" म्हणून मोकळ्या होतो. मी निर्जळी सोडून फलाहारावर आले. सासूबाईंनीच आधी सांगितले, हे माझे भाग्य. रक्तदाबाची किंवा थायरॉइडची गोळी चालू असेल तर उपासाचे डॉक्टरांना आधी विचारा आणि गोळ्या पर्समध्ये ठेवा, सामानाच्या तळाशी नाही.

मी डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. तुमची झोप आषाढापासून गेली आहे, हे मला साधे वाटत नाही. चतुर्थी उरकण्याची वाट न पाहता डॉक्टरांना भेटा. अगदीच असह्य झाले तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालतो आणि मराठीतूनही बोलता येते. आपल्या माणसांपुढे न बोलवणारे तिथे बोलता येते.

एक राहिले. परतल्यानंतरच्या दिवसाची रजाही याच अर्जात मागा. दादरला पहाटे उतरून नऊला कार्यालयात हजर होण्याचा पराक्रम मी पुष्कळ केला आहे, त्याबद्दल कोणी शाबासकी दिली नाही.