‘जर्नीमन पिचर’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: बेसबॉलवरच्या लेखाचा अनुवाद करताना ‘जर्नीमन पिचर’साठी (पिचर म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू) ‘प्रवासी गोलंदाज’ चालेल का?

चालणार नाही. या शब्दातल्या ‘जर्नी’चा मुळात प्रवासाशी संबंध नाही. फ्रेंच ‘झुर्ने’ म्हणजे दिवस, दिवसभराचं काम. युरोपातल्या कारागीर-संघांत उमेदवारी संपवलेला, दिवसाच्या मजुरीवर काम करणारा, पण अजून स्वतःचं दुकान न थाटलेला कारागीर म्हणजे जर्नीमन. म्हणजे हात तयार, नाव मात्र उस्तादाचं. म्हणून ‘रोजंदारीवरचा’ हा शब्द व्युत्पत्तीला जवळचा असला तरी अर्थाला मारक आहे. आपल्याकडे रोजंदारी म्हटलं की कौशल्य आठवत नाही, कच्ची नोकरी आठवते.

बेसबॉलमध्ये मात्र प्रवास मागच्या दाराने आत आलाच. स्टार नसलेला, पण कुठल्याही संघाला उपयोगी पडणारा खेळाडू साहजिकच संघ बदलत राहतो. त्यातून क्लब खेळाडूंची अदलाबदल करतात, तेव्हा बहुतेकांना विचारतही नाहीत. अमेरिकन पिचर एडविन जॅक्सन बघा. 2003 मध्ये, विसाव्या वाढदिवशी, लॉस एंजेलिस डॉजर्स संघाकडून पदार्पण आणि समोरच्या दिग्गज पिचर रँडी जॉन्सनला हरवून विजय. तिथून 2019 पर्यंत चौदा संघ, हा तेव्हा विक्रमच. 27 जुलै 2011 रोजी शिकागो व्हाइट सॉक्सने त्याला टोरांटोला दिलं आणि टोरांटोने त्याच दिवशी सेंट लुइसला! त्या वर्षी सेंट लुइसने वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकी बेसबॉलची अंतिम लढत, जिंकली. टोरांटोसाठी चेंडू टाकायला त्याला 2019 उजाडावं लागलं. एकूण 107 विजय, 133 पराभव. यावरून त्याला सामान्य म्हणाल, तर 2010 मध्ये ॲरिझोनाकडून त्याने टाम्पा बेला अख्ख्या सामन्यात एकही हिट (फटका मारून बेस गाठणं) मिळू दिली नाही. त्यासाठी 149 चेंडू टाकले आणि आठ जणांना वॉकवर (चार चेंडू भलतीकडे टाकल्यामुळे फुकटात) पहिला बेस बहाल केला, हेही त्याच्या स्वभावाला धरूनच.

अशा माणसाला आपल्याकडे ‘बारा गावचं पाणी प्यालेला’ म्हणतात. त्यात मुरलेपण आणि भटकंती दोन्ही येतात. फक्त थोडा बेरकीपणाही येतो, म्हणून गंभीर मृत्युलेखात जपून. खुसखुशीत लेखात बेधडक वापरा. (जॅक्सनसाठी ‘चौदा गावचं’ करायचा मोह मला आवरत नाही.) ‘भाडोत्री’ तर नकोच, त्यात निष्ठेवर शिंतोडे आहेत.

साध्या बातमीत एकाच शब्दाचा हट्ट सोडावा. संघबदलावर भर असेल तर ‘अनेक संघांतून खेळलेला’, दर्जावर असेल तर ‘बिनीचा नसला तरी भरवशाचा’. आणि ‘पिचर’ला पिचरच राहू द्या. गोलंदाज म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे टप्पा पडलेला चेंडू येतो, तिथे तो न टेकता थेट फलंदाजाकडे जातो.