पिलाताचा शिलालेख नेमके काय सिद्ध करतो?

आपण विचारले आहे की, यहूदिया या रोमन प्रांतातील कैसरिया येथे, येशूला क्रुसावर चढवणारा रोमन अधिकारी पिलात याच्या नावाचा दगड सापडल्यामुळे शुभवर्तमानांतील (येशूच्या चरित्रग्रंथांतील) हकिकती खऱ्या ठरतात, असे आपले एक स्नेही म्हणतात. दुसऱ्यांचे म्हणणे असे की येशूविषयी एकही समकालीन बिगरख्रिस्ती नोंद नाही, तेव्हा ती व्यक्तीच काल्पनिक मानावी. यांपैकी कोणाचे मानायचे? माझ्या मते दोघेही पुराव्याकडून त्याच्या ऐपतीपेक्षा जास्त वदवून घेत आहेत. समोर आलेली वस्तू किंवा मजकूर कोणत्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकतो, हे आधी ठरवले तर या वादातला बराचसा गोंधळ मिटतो.

दगडापासूनच सुरुवात करू. १९६१ साली अँतोनियो फ्रोवा या इटालियन पुरातत्त्वज्ञाच्या पथकाला कैसरियातील रोमन नाट्यगृहात हा चुनखडीचा दगड मिळाला. मूळ वास्तूतून काढून तो पुढच्या काळात पायरीसाठी वापरलेला होता, आणि त्यात डावीकडची अक्षरे नाहीशी झाली. जे उरले आहे त्यात सम्राट तिबेरियसच्या नावाने बांधलेल्या एका वास्तूचा उल्लेख, त्याखाली '...तियुस पिलातुस' आणि त्याखाली '...एक्तुस युदा...' एवढे वाचता येते. म्हणजे पंतय पिलात हा यहूदियाचा प्रीफेक्ट (रोमन प्रांताधिकारी) होता आणि त्याने कैसरियात काही बांधकाम केले किंवा दुरुस्त केले. रोमन इतिहासकार टॅसिटसने इ. स. ११६च्या सुमारास लिहिताना त्याला प्रोक्युरेटर म्हटले आहे. ते पदनाम यहूदियात पुढे सम्राट क्लॉडियसच्या काळापासून रूढ झाले असावे. या एका बाबतीत दगडाने मोठ्या इतिहासकाराला दुरुस्त केले, हे त्याचे खरे मोल. येशूच्या खटल्याविषयी तो काहीही सांगत नाही. शिवाय पिलात होऊन गेला याबद्दल अभ्यासकांना १९६१ पूर्वीही शंका नव्हती, कारण फिलो आणि जोसिफस या दोन यहुदी लेखकांनी त्याच्याविषयी, तेही कडवटपणे, लिहून ठेवले आहे.

आता हाच दगड दुसऱ्या स्नेह्यांपुढे ठेवावा. पिलात इ. स. २६ ते ३६ अशी सुमारे दहा वर्षे त्या प्रांताचा सर्वाधिकारी होता. इतक्या मोठ्या अधिकाऱ्याच्या कारकिर्दीतले आज आपल्या हाती काय आहे? हा तुटका शिलालेख आणि काही हलकी नाणी, ज्यांवर नाव सम्राटाचे आहे, पिलाताचे नाही. त्याच्या कचेरीचे दप्तर संपूर्ण नष्ट झाले आहे. जिथे खुद्द शासनकर्त्याची ही स्थिती, तिथे त्याने क्रुसावर चढवलेल्या गालीलातील एका गरीब माणसाची सरकारी नोंद मिळत नाही, यावरून तो माणूसच नव्हता असा निष्कर्ष काढणे मला अन्यायाचे वाटते.

शुभवर्तमानांचे लेखन मात्र डोळे झाकून स्वीकारता येत नाही. चार शुभवर्तमानांपैकी मार्काचे बहुतेक अभ्यासक इ. स. ७०च्या आसपासचे मानतात, म्हणजे घटना आणि लेखन यांत सुमारे चाळीस वर्षे जातात. आपल्याकडे बखर वाचताना आपण जे तारतम्य बाळगतो, तेच इथेही हवे: बखरकार प्रसंग रंगवतो, पण म्हणून गड आणि माणसे खोटी ठरत नाहीत. दुसऱ्या एका शुभवर्तमानाचा लेखक लूक याचेच पाहा. पहिल्या ख्रिस्ती प्रचारकांची हकिकत सांगणाऱ्या 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथात तो थेस्सलनीकाच्या नगराधिकाऱ्यांना 'पोलितार्क' म्हणतो आणि तेच पदनाम तिथल्या शिलालेखांत आढळते. हाच लेखक येशूचा जन्म क्विरीनिया या रोमन अधिकाऱ्याच्या नावनिशीशी (लोकांच्या नोंदणीशी) जोडतो. पण जोसिफसच्या वृत्तान्ताप्रमाणे ती नोंदणी यहूदियाचा शासक अर्खेलाव याला पदच्युत केल्यावर इ. स. ६ मध्ये झाली, तर मत्तयाच्या शुभवर्तमानानुसार जन्माच्या वेळी राजा थोरला हेरोद जिवंत होता, आणि तो इ. स. पू. ४ मध्ये वारला. ही तफावत बुजवण्यासाठी क्विरीनियाची आधीची एखादी नावनिशी कल्पिली जाते, पण मला त्या खटाटोपात जीव दिसत नाही. लूक इथे चुकला, असे म्हणणे अधिक सरळ आहे.

जोसिफस हा या संपूर्ण चर्चेतला सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार आहे, म्हणून त्याच्याजवळ थोडे थांबतो. इ. स. ९३-९४ मध्ये पूर्ण केलेल्या त्याच्या यहुदी इतिहासात येशूचा उल्लेख दोन ठिकाणी आहे. अठराव्या खंडातल्या उताऱ्यात 'हा ख्रिस्त होता', म्हणजे देवाने पाठवलेला तारणारा होता, असे वाक्य येते. अखेरपर्यंत यहुदी राहिलेला माणूस असे लिहील, हे पटत नाही. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती विद्वान ओरिजेन तर जोसिफस येशूला ख्रिस्त मानत नव्हता, असे स्पष्ट सांगतो. हा उतारा जसाच्या तसा प्रथम उद्धृत केला तो चौथ्या शतकात ख्रिस्ती इतिहासकार युसेबियसने. मूळच्या काही ओळींत नंतरच्या ख्रिस्ती लेखनिकांनी भर घातली, हे आज बहुतेकांचे मत आहे आणि मलाही तेच ग्राह्य वाटते. म्हणून या उताऱ्यावर मी फारसा भार टाकत नाही.

विसाव्या खंडातला उल्लेख वेगळ्या जातीचा आहे. इ. स. ६२ मध्ये रोमन अधिकारी फेस्तस मरण पावला आणि त्याच्या जागी नेमलेला अल्बिनस अजून वाटेत होता. ती संधी साधून प्रमुख याजक अनानस याने 'ज्याला ख्रिस्त म्हणतात त्या येशूचा भाऊ याकोब' याला आणि इतर काही जणांना दगडमाराची शिक्षा दिली, आणि त्यामुळे तो पदावरून गेला. लेखकाचे सारे लक्ष अनानसच्या बेकायदेशीर वागण्यावर आहे; येशूचे नाव केवळ हा कोणता याकोब हे कळावे म्हणून आले आहे. भर घालणाऱ्या ख्रिस्ती लेखनिकाने 'ज्याला म्हणतात' असे अंतर राखले नसते, आणि येशूविषयी काहीच न सांगता पुढेही गेला नसता.

हस्तलिखितांबाबत घाई फार होते, म्हणून एक इशारा द्यावासा वाटतो. मँचेस्टरच्या रायलंड्स ग्रंथालयात पपायरसचा जेमतेम ९ सेंटिमीटर उंच आणि ६ सेंटिमीटर रुंद असा एक तुकडा आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना योहानाच्या शुभवर्तमानातील, योगायोगाने पिलातापुढच्या चौकशीच्याच, ओळी आहेत. १९३५ साली तो प्रसिद्ध झाला तेव्हा त्याचा काळ दुसऱ्या शतकाचा पूर्वार्ध ठरवला गेला आणि पुष्कळ ठिकाणी तो आजही तसाच छापला जातो. तथापि केवळ अक्षरवळणावरून पन्नास-पाऊणशे वर्षांच्या आतला काळ ठामपणे सांगता येत नाही. २०१२ साली तर मार्काचा पहिल्या शतकातला तुकडा मिळाल्याचा गाजावाजा झाला. २०१८ मध्ये तो प्रत्यक्ष प्रसिद्ध झाला तेव्हा संपादकांनी तो दुसऱ्या शतकाच्या अखेरचा किंवा तिसऱ्याच्या आरंभाचा ठरवला.

माझ्या दृष्टीने सर्वांत भक्कम धागा पौल या आरंभीच्या ख्रिस्ती प्रचारकाच्या पत्रांचा आहे. ग्रीसमधील डेल्फी येथील शिलालेखात सम्राट क्लॉडियसने गल्लियोचा अखया या ग्रीसमधील रोमन प्रांताचा अधिपती म्हणून उल्लेख केला आहे, आणि त्यावरून त्याची कारकीर्द इ. स. ५१-५२च्या सुमारास येते. 'प्रेषितांची कृत्ये' पौलाला करिंथमध्ये याच गल्लियोपुढे उभा करते, त्यामुळे पौलाचा काळ ठरतो. हा पौल गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात सांगतो की आपण यरुशलेमेत पंधरा दिवस येशूचा शिष्य पेत्र याच्याकडे राहिलो आणि तिथे 'प्रभूचा बंधू याकोब' याला भेटलो; पुढे अंत्युखियात त्याच पेत्राशी आपला तोंडावर वाद झाला, हेही तो लिहितो. म्हणजे येशूच्या भावाला प्रत्यक्ष भेटलेल्या माणसाचे लेखन आपल्या हाती आहे. इ. स. ३७च्या सुमारास यरुशलेमच्या याजक घराण्यात जन्मलेला जोसिफस, याकोबाला मारले तेव्हा सुमारे पंचवीस वर्षांचा होता, आणि तो त्याच भावाविषयी स्वतंत्रपणे लिहितो. या दोन साक्षी एकत्र ठेवल्यावर येशू आणि त्याचा भाऊ ही माणसे होऊन गेली, याबद्दल मला शंका उरत नाही. येशू मरणानंतर पुन्हा जिवंत झाला या पुनरुत्थानाबाबत मात्र हेच पुरावे इतकेच सांगतात की पेत्र, याकोब आणि इतरांना तो दिसला असे पौलाच्या काळी मानले जात होते, आणि आपल्यालाही तो दिसला असे खुद्द पौल म्हणतो.