बारा शब्द आधी, भाव नंतर

भाऊ, राम राम.

जळगावात बिटकॉइनवरून तुम्हा मित्रांचे तीन तट पडलेले दिसतात. एक म्हणतो हे डिजिटल सोनं आहे, दुसरा म्हणतो निव्वळ सट्टा, आणि तिसरा विचारतो की याने खताची गोणी तरी मिळते का. तिघेही वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताहेत, म्हणून रात्र सरते पण वाद सरत नाही. किंमत कोणाच्याच हातात नाही. उपयोगाचं उत्तर आपल्याकडे बऱ्यापैकी स्पष्ट आहे. सुरक्षितता तेवढी तुझ्या हातातली, त्यामुळे पत्राचा मोठा भाग तिच्यावरच जाईल.

किंमतीचा वाद नाण्याइतकाच जुना आहे. जानेवारी २००९ मध्ये बिटकॉइनचं नेटवर्क सुरू होताच त्यात पहिल्यापासून असलेले प्रोग्रामर हॅल फिनी यांनी हिशेब मांडला होता: जगातल्या सगळ्या घरांची संपत्ती १०० ते ३०० लाख कोटी डॉलर, नाणी सुमारे २ कोटी, म्हणजे एकेका नाण्याला १ कोटी डॉलर. ती कल्पनेची गंमत होती, आजही लोक ती भाकीत म्हणून सांगतात. त्याच वर्षी ऑक्टोबरात ‘न्यू लिबर्टी स्टँडर्ड’ या नाणी विकणाऱ्या साइटने पहिला दर जाहीर केला, १ डॉलरला १,३०९.०३ नाणी, आणि तो काढला विजेच्या खर्चावरून. खर्चावरून भाव ठरतो हे कापूस पिकवणाऱ्या माणसाला सांगून बघ, तो हसेल. इथे तर खर्चच भावामागे धावतो. नवी नाणी यंत्रांनी गणितं सोडवून निघतात. भाव चढला की जास्त यंत्रं येतात, आणि दर २,०१६ ब्लॉकनंतर (ब्लॉक म्हणजे व्यवहारांच्या नोंदवहीचं एक पान), म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, काम आपोआप अवघड होतं. पुरवठा ठरलेला आहे: एकूण २ कोटी १० लाख नाणी, एप्रिल २०२४ पासून दर ब्लॉकमागे ३.१२५. मागणीबद्दल जो छातीठोकपणे बोलतो तो बहुधा काहीतरी विकत असतो.

घरी मशीन लावायचं तुझ्या डोक्यात आहे, ते काढून टाक. ११० टेराहॅशचं, म्हणजे सेकंदाला ११० लाख कोटी गणितं करणारं, यंत्र ३,२५० वॅट खातं, दिवसाला ७८ युनिट. युनिटला ९ रुपये धरले तरी रोजचे ७०२ रुपये. जगभरात मिळून दिवसाला साधारण ४५० नाणी निघतात, आणि २०२५ मध्ये नेटवर्क ८०० एक्झाहॅशच्या पुढे गेलं (एक एक्झाहॅश म्हणजे १० लाख टेराहॅश). त्या हिशेबाने तुझ्या वाट्याला ०.००००६ नाणं येतं. त्या दिवशीच्या भावाने गुणून बघ, मग यंत्राची किंमत त्यात मिळव. शिवाय मे महिन्यात भुसावळात पारा ४५ च्या वर जातो आणि हे यंत्र स्वतःच एक शेगडी आहे.

आता सुरक्षितता. ऑगस्ट २०१० मध्ये कोडमधल्या चुकीमुळे एका व्यवहारातून १८,४०० कोटींहून जास्त खोटी नाणी तयार झाली होती. काही तासांत दुरुस्ती झाली आणि ती साखळी, म्हणजे ब्लॉकला ब्लॉक जोडून झालेली ती नोंदवही, टाकून दिली गेली. त्यानंतर खोटी नाणी साखळीत शिरलेली नाहीत. लोकांचे पैसे गेले ते किल्ली (नाणी खर्च करायचा गुप्त आकडा) हरवून, किल्ली चोरीला जाऊन, किंवा दुसऱ्याच्या हातात ठेवून. फेब्रुवारी २०१४ मध्ये माउंट गॉक्स या एक्स्चेंजने, म्हणजे नाणी घ्यायच्या-विकायच्या बाजाराने, दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा सुमारे साडेआठ लाख नाण्यांचा पत्ता नव्हता. जुलै २०२४ मध्ये आपल्याकडच्या वझीरएक्स या एक्स्चेंजच्या वॉलेटमधून (वॉलेट म्हणजे किल्ल्या सांभाळणारी सोय) सुमारे २३ कोटी डॉलरचं क्रिप्टो गेलं. त्या वॉलेटला एकाहून जास्त सह्या लागत होत्या. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे सही करणाऱ्यांना पडद्यावर एक दिसत होतं आणि सही दुसऱ्याच गोष्टीवर होत होती. एक्स्चेंजवर ठेवलेलं नाणं हे एक्स्चेंजकडचं तुझं येणं असतं. खरेदीपुरतं तिथे ठेव, तेही एफआययूकडे, म्हणजे केंद्र सरकारच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडे, नोंदणी असलेल्या एक्स्चेंजवर. लॉगिनला एसएमएसवाला ओटीपी न ठेवता ऑथेंटिकेटर अ‍ॅप लाव, कारण डुप्लिकेट सिम काढलं की एसएमएस चोराकडे जातो.

स्वतःचं वॉलेट उघडलंस की ते तुला १२ शब्द देईल. हे शब्द म्हणजेच किल्ली, म्हणजेच पैसे. फोन तापी नदीत पडला तरी शब्दांवरून सगळं परत येतं, आणि शब्द दुसऱ्याला मिळाले तर त्याला तुझा फोन लागत नाही. ते २,०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून येतात. १ ते १२ आकडे घालून हाताने लिही, क्रम चुकला तर उपयोग नाही. लिपी इंग्रजीच ठेव. यादीत ‘बरोबर’ या अर्थाचा राइट आहे आणि ‘लिहिणे’ या अर्थाचाही राइट आहे, देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतील. फोटो काढू नकोस. गॅलरी क्लाउडवर आपोआप चढते आणि फोटोतला मजकूर वाचणारे व्हायरस आहेत. जेल पेनची शाई पहिल्या पावसाळ्यात ओल लागली की पसरते, म्हणून बॉलपेन किंवा पेन्सिल वापर, आणि कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून वाळवी लागणार नाही असा ठेव. रक्कम वाढली की स्टीलच्या पट्टीवर कोरून घे. प्रती दोन, दोन वेगळ्या घरांत, समजा एक जळगावला आणि एक धुळ्याला.

सहा शब्द इथे आणि सहा तिथे, ही युक्ती तुमच्यापैकी कोणीतरी काढेलच. ती वाईट आहे. एक अर्धा हरवला की सगळं गेलं. आणि अर्धा चोराला मिळाला तर उरलेलं कोडं १२८ बिटांवरून ६२ बिटांवर येतं. एक बिट कमी झाला तरी ताकद निम्मी होते, म्हणजे तुझ्या कुलपाची ताकद अर्ध्याहूनही कितीतरी खाली. तेराव्या शब्दासारखा जास्तीचा पासफ्रेज लावायची सोय असते, पण सुरुवातीला लावू नकोस. त्यात एक अक्षर चुकलं तरी वॉलेट चूक दाखवत नाही, मुकाट्याने दुसरं रिकामं वॉलेट उघडतं, आणि माणूस समजतो की चोरी झाली.

पैसे टाकण्याआधी एक परीक्षा घे. पैसे घेण्याचा पहिला पत्ता लिहून ठेव, वॉलेट पूर्ण पुसून टाक, आणि कागदावरच्या शब्दांवरून परत उभं कर. तोच पत्ता दिसला तर कागद खरा. ही अर्ध्या तासाची कटकट बहुतेक जण टाळतात, आणि सातवा शब्द चुकीचा लिहिल्याचं त्यांना फोन फुटल्यावर कळतं.

मग थोडी रक्कम पाठवून बघ. एक्स्चेंजची काढण्याची फी बहुधा ठरावीक असते, त्यामुळे फार लहान रकमेत फीच जास्त जाईल, ती आधी पाहून घे. पत्ता क्यूआरने स्कॅन कर. कॉपी-पेस्टमध्ये पत्ता बदलणारे व्हायरस असतात. जुन्या व्यवहारांच्या यादीतून तर पत्ता कधीच उचलू नकोस: पहिली आणि शेवटची चार अक्षरं तुझ्या पत्त्यासारखी असलेल्या पत्त्यावरून चोर मुद्दाम किरकोळ व्यवहार करून ठेवतात. सगळी अक्षरं जुळव. यूएसडीटी, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेलं नाणं, पाठवताना नेटवर्क बघ, कारण ते वेगवेगळ्या नेटवर्कवर चालतं. ट्रॉनचा पत्ता ‘टी’ने सुरू होतो, इथेरियमचा शून्य-एक्सने. चुकीच्या नेटवर्कवर गेलेले पैसे परत मिळणं एक्स्चेंजच्या मर्जीवर. व्यवहार अडकला तर घाबरू नकोस. ब्लॉक सरासरी १० मिनिटांनी येतो, कधी ४० मिनिटंही लागतात. फी कमी लावली असेल तर वॉलेटमधून ती वाढवता येते. मोठ्या रकमेला सहा कन्फर्मेशन (व्यवहाराचा ब्लॉक धरून सहा ब्लॉक), म्हणजे तासभर, थांब.

वॉलेट बंद पडलं म्हणून कोणी शब्द मागितले, मग तो ‘कस्टमर केअर’ का असेना, तो चोर. महिन्याला ठरलेला परतावा देणाराही चोरच. पुण्यात २०१८ मध्ये गुन्हा दाखल झालेल्या गेनबिटकॉइनचं आश्वासन होतं महिन्याला १० टक्के, १८ महिने. बिटकॉइन व्याज देत नाही, मग ते १० टक्के नव्या माणसाच्या खिशातूनच येणार.

उपयोगाचं विचारशील, तर खताची गोणी यूपीआयनेच घे. बिटकॉइनची मूळ साखळी सेकंदाला सातेक व्यवहार पेलते, म्हणजे दिवसाला ६ लाखांच्या आसपास, आणि यूपीआयने ऑगस्ट २०२३ मध्येच महिन्याला १,००० कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला. ‘हे एवढं मोठं होऊ शकणार नाही’ असा आक्षेप नोव्हेंबर २००८ मध्ये, म्हणजे नाणं निघण्याआधीच, घेतला गेला होता, आणि मूळ साखळीपुरता तो अजून उभा आहे. कोणाची परवानगी न घेता ठेवता येणारी वस्तू, एवढाच तिचा खरा उपयोग, आणि तो सगळ्यांना लागतोच असं नाही.

पी-टू-पीच्या, म्हणजे अनोळखी माणसाशी थेट खरेदी-विक्रीच्या, फंदात पडू नकोस. तू यूएसडीटी विकतोस, पैसे खात्यात येतात, आणि महिन्याभराने कळतं की ते कुठल्यातरी राज्यातल्या फसवणुकीचे होते. सायबर पोलीस पैशाच्या वाटेवरची सगळी खाती गोठवतात, आणि मग तुझं पीककर्जाचं खातंही अडकतं. केलंसच तर वेगळं खातं ठेव, पाठवणाऱ्याचं बँकेतलं नाव आणि ऑर्डरवरचं नाव एकच आहे का ते बघ, आणि चॅट जपून ठेव. तुझीच फसवणूक झाली तर लगेच १९३० ला फोन लाव. पहिले काही तास मोलाचे असतात.

कराचं गणित मित्रांना वहीत करून दाखव. एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के सेस, मिळून ३१.२ टक्के. एका नाण्यात २०,००० नफा आणि दुसऱ्यात १५,००० तोटा झाला, तरी तोटा वजा होत नाही. कर २०,००० वर, ६,२४० रुपये. हातात आले ५,००० आणि भरले ६,२४०. शिवाय विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो, आणि एक नाणं देऊन दुसरं घेणं हीसुद्धा विक्रीच. रोज उलाढाल करणाऱ्याचं भांडवल टीडीएसमध्येच अडकत जातं. तारीख, रक्कम, भाव, फी यांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेव, कारण एक्स्चेंज बंद पडलं की जुने अहवाल मिळत नाहीत.

कापसाचे किंवा केळीचे आलेले पैसे यात घालू नकोस. सगळी रक्कम उद्या शून्य झाली तरी घरात कोणाला विचारावं लागणार नाही, एवढीच घाल. परीक्षा झाली की पहिला पत्ता जुळला की नाही तेवढं कळव. शब्द कोणाला कळवू नकोस, मलाही नाही.

कळावे.