पाय भिजतात ते खालून

बडोद्यात दांडिया बाजारातून मांडवीकडे पावसात सायकल काढणार असाल तर बूट बदलण्याआधी पुढचं मडगार्ड बघा. पाय भिजवतं ते मुख्यतः पुढच्या चाकानं उडवलेलं पाणी. मडगार्ड आखूड असेल तर ५ लिटरच्या तेलाच्या डब्याचं प्लास्टिक कापून फ्लॅप करा आणि दोन बोल्टनी बसवा. खालची कड जमिनीपासून ८-१० सेंटिमीटरवर ठेवा; आणखी खाली नेलीत तर पहिल्याच स्पीडब्रेकरवर तुटेल.

प्लास्टिकची पिशवी मोज्यावर चढवायची, बुटाच्या आत. वरून बांधली तर फाटते आणि पेडलवरून पाय घसरतो. आत घाम येतोच, पण वारा लागून पाय गारठत नाही. रेनपँटची मोहरी बुटाबाहेर. आत खोचलीत की पाणी घोट्यावरून थेट बुटात. चेनकडची मोहरी पट्ट्यानं आवळा. मोजे सुती नकोत, लोकरी किंवा सिंथेटिक घ्या.

खरं सांगायचं तर बडोद्याच्या जुलैत सँडल आणि डब्यात कोरडे मोजे एवढंच पुष्कळांना पुरतं.

घरी आल्यावर बुटातले सोल काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभरानं बदला. हीटरसमोर ठेवू नका, गोंद सुटतो.