नुसतं वाचून दाखवलं की झालं का?

प्रश्न : ताई, आमची सोसायटी ठाण्यात, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी. मुलगी कॅनडात असते, तिथे कार्यक्रमाआधी ही जमीन कुठल्या मूळ लोकांची ते वाचून दाखवतात. 9 ऑगस्टला आदिवासी दिनाला आम्हीपण तसं वाचून तारपा नाच ठेवायचं म्हणतोय. पुरेल ना?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : वाचा की, पण तिथेच थांबू नका हो. कॅनडातले मूळ लोकही हेच म्हणतात, नाव घेता तर जमीन, पाणी, भाषेचं काय ते बोला. मूळ लोकांवर झालेल्या अन्यायाची चौकशी करणाऱ्या तिथल्या सत्य आणि सलोखा आयोगाने 2015 मध्ये 94 कामं सांगितली होती.

आपल्याकडे बघा ना, पावसाळ्यात पाड्यावरची बाई पहाटे उठून टाकळा, कंटोळी टोपलीत भरून डोंगर उतरते, फुटपाथवर बसते, आपण पाच रुपयांसाठी घासाघीस करतो आणि तेवढ्यात पालिकेची गाडी आली की ती अर्धी भाजी तिथेच टाकून पळते, मला तर हे बघवत नाही. तिला गेटच्या आत बसायला जागा द्या, भाडं न घेता.

नाचाचं मानधन आधी ठरवा, नुसती शाल नको. आणि तुमच्यात कोणी वकील, रिटायर्ड क्लार्क असतील तर जातीच्या दाखल्यासाठी मदत करा, 6 सप्टेंबर 1950 आधीचा पुरावा मागतात, शाळेत न गेलेल्या आजोबांचा कागद आणायचा कुठून? कसत असलेल्या जंगलजमिनीवर हक्क मिळावा म्हणून 2006 च्या वनहक्क कायद्याखाली केलेल्या दाव्यांचंही तसंच, कागदांपाशीच अडतं. पण त्याआधी पाड्यावर जाऊन बसा, त्यांना काय हवंय ते विचारा, या रविवारीच जा.