अमेरिकेत कोच व्हायचंय? आधी जागा शोधा, मग कोर्स

प्रश्न : माझा मुलगा नाशिकला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आंतरविद्यापीठ स्पर्धेत ५,००० मीटर धावतो, कॉलेजच्या व्हॉलीबॉल संघातही आहे. अमेरिकेतल्या कॉलेजात दोन-तीन खेळांचा कोच व्हायचं त्याने मनावर घेतलंय. त्यासाठी कर्ज काढून त्याला स्पोर्ट्स मॅनेजमेंटच्या एमएसला पाठवावं का? – एक पालक

उत्तर : त्या एमएससाठी कर्ज काढू नका. नुसत्या पदवीवर तिथे कोचची नोकरी मिळत नाही. नोकरीचं दार उघडतं ते ‘ग्रॅज्युएट असिस्टंट’ या पदातून. मास्टर्स करता करता संघासोबत काम करायचं, त्या बदल्यात फी पूर्ण किंवा काही प्रमाणात माफ होते आणि वर काही हजार डॉलर स्टायपेंड मिळतो.

अनेक खेळांचा एकच कोच ही तिथली जुनी पद्धत. अमोस अलोन्झो स्टॅग यांनी शिकागो विद्यापीठात अमेरिकन फुटबॉल, बेसबॉल आणि ट्रॅक (अ‍ॅथलेटिक्स) हे तिन्ही खेळ सांभाळले. जॉन वुडन १९४६ ते ४८ या काळात इंडियाना स्टेटला बास्केटबॉल आणि बेसबॉलचे कोच होतेच, शिवाय क्रीडा संचालकही होते. मोठ्या विद्यापीठांत आता प्रत्येक खेळाला स्वतंत्र ताफा असतो. छोट्या, विशेषतः एनसीएए या कॉलेज-क्रीडा संघटनेच्या तिसऱ्या गटातल्या (डिव्हिजन थ्री) कॉलेजांत मात्र एका खेळाचा मुख्य कोच दुसऱ्या खेळाचा सहायक असणं आजही नेहमीचं आहे.

तुमच्या मुलासाठी सर्वांत चांगली वाट धावण्याची. क्रॉस कंट्री (माळरानावरची लांब पल्ल्याची शर्यत), इनडोअर ट्रॅक आणि आउटडोअर ट्रॅक हे एनसीएएच्या लेखी तीन वेगळे खेळ, पण बहुतेक ठिकाणी कोच तेच आणि लांब पल्ल्याचे धावपटूही तेच. आयर्लंडहून धावपटू म्हणून आलेल्या जॉन मॅकडॉनेल यांनी १९७२ ते २००८ या काळात आर्कान्सा विद्यापीठाला याच तीन खेळांत ४० राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. व्हॉलीबॉलची जोड मात्र जमणार नाही. मुलींचा व्हॉलीबॉल हंगाम ऑगस्टअखेर सुरू होतो, म्हणजे थेट क्रॉस कंट्रीवर येतो. मुलांचा वसंतात असतो, तो आउटडोअरवर. त्यापेक्षा फेक किंवा उडीचा एखादा प्रकार शिकवता येईल इतका पक्का करा. छोट्या कॉलेजात माणसं कमी असतात, तिथे मुख्य कोचला याचा खरा उपयोग होतो.

हे काम शिट्टी आणि स्टॉपवॉचपुरतं नसतं. शाळकरी धावपटूंना हेरून, ईमेल-फोन करून कॉलेजात आणायचं, हे जवळजवळ अर्धं काम. स्पर्धेच्या ऑनलाइन प्रवेशिका वेळेत भरायच्या. मुदत चुकली की धावपटू कितीही तयारीत असो, धावू शकत नाही. क्रॉस कंट्रीत संघाचे सात जण उतरवायचे, त्यांतल्या पहिल्या पाचांच्या क्रमांकांची बेरीज, सर्वांत कमी बेरजेचा संघ जिंकतो. त्यामुळे कोचचं लक्ष पहिल्यापेक्षा पाचव्यावर जास्त हवं. डिव्हिजन वन आणि टूमध्ये हंगामात खेळाडूंचा सराव आठवड्याला २० तास आणि दिवसाला ४ तास यापुढे जाता कामा नये, त्याच्या नोंदी ठेवायच्या. छोट्या कॉलेजात संघाची व्हॅनही बऱ्याचदा कोचच चालवतो, तेव्हा गाडी चालवायला आत्ताच शिकू द्या.

आता जिथे भारतीय मुलं हमखास अडकतात ते. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही. शनिवारची एक स्पर्धाच १२-१४ तास खाते. तासांचा हिशेब मुख्य कोचशी आधीच बोलून घ्यावा, नाहीतर व्हिसाच धोक्यात येतो. ‘सध्या फुकट मदत कर, पुढे बघू’ असं कुणी म्हटलं, तर विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला विचारल्याशिवाय होकार देऊ नये. डिव्हिजन वनने तर व्हॉलंटियर कोच हा प्रकारच जुलै २०२३ पासून बंद केला आहे.

पदवीनंतर ओपीटीवर (विद्यार्थी व्हिसावरच आपल्या विषयातलं काम करण्याची परवानगी) १२ महिने काम करता येतं. स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांना मिळणारी वाढीव मुदत स्पोर्ट्स मॅनेजमेंटला नाही. पुढे एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी पदाला विशिष्ट विषयाचीच पदवी लागते हे दाखवावं लागतं आणि कोचच्या जाहिरातीत ‘कोणतीही पदवी चालेल’ असं असलं की अर्ज तिथेच कच्चा पडतो. या व्हिसांची संख्या मर्यादित असते आणि ते लॉटरीने मिळतात; विद्यापीठांना ती मर्यादा नाही, ही जमेची बाजू. पण वकिलाचा खर्च पेलायला छोटी कॉलेजं सहसा तयार नसतात. म्हणून विषय निवडताना कायनेसिऑलॉजी (शरीराच्या हालचालींचं शास्त्र) किंवा एक्सरसाइज फिजिऑलॉजी (व्यायामाचं शरीरक्रियाशास्त्र) पाहा. शिकवणं आणि कोचिंग एकत्र असलेल्या पदासाठी ते जास्त उपयोगी पडतं. शिवाय जून २०२५ मध्ये कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्याबाबतच्या ‘हाउस’ खटल्यातली तडजोड मंजूर झाल्यापासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत, आणि कमी उत्पन्नाच्या खेळांवर ताण आला आहे. कॅल पॉलीने मंजुरीच्या आधीच, मार्च २०२५ मध्ये, याच खर्चाचं कारण देऊन जलतरण संघ बंद केला. मुलाखतीत संघाचं पुढच्या दोन वर्षांचं बजेट बेधडक विचारावं.

वेळापत्रक असं ठेवा. पदवीनंतरचं एक वर्ष स्थानिक क्लबात सहायक म्हणून काम आणि अ‍ॅथलेटिक्स महासंघाचा प्राथमिक कोचिंग कोर्स. क्रॉस कंट्री नोव्हेंबरात संपते, म्हणून कोचना ईमेल डिसेंबरात. त्यात पदकांची यादी नको. एका धावपटूचा १२ आठवड्यांचा सराव तक्ता आणि त्याच्या आधीच्या-नंतरच्या वेळा जोडा. तीन वर्षांची पदवी चालते का, हे प्रवेश कार्यालयाला त्याच महिन्यात विचारा. अ‍ॅडमिशनचा अर्ज फेब्रुवारीपर्यंत गेलेला हवा, कारण या जागा बऱ्याचदा मार्च ते जूनमध्ये निघतात आणि तेव्हा अर्जापासून सुरुवात केली तर ऑगस्टपूर्वी व्हिसाची तारीख मिळणं कठीण. फी किती माफ, स्टायपेंड किती, आरोग्य विमा कुणाचा, हे लेखी आल्यावरच आय-२० (व्हिसासाठी लागणारा विद्यापीठाचा दाखला) घ्या. उरलेली रक्कम घरून झेपत असेल तर पाठवा. नसेल तर आणखी एक हंगाम इथेच काम करून पुन्हा अर्ज करू द्या.